मुंबई हुंड्यात घेतली आणि १० पौंडांवर देऊन टाकली : कोण होता राजा दुसरा चार्ल्स? आणि दिंडोशी त्या हुंड्यात का नव्हती?

"पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना हुंड्यात दिली." शाळेच्या पुस्तकापासून व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डपर्यंत हे वाक्य सगळीकडे भेटतं. दर काही महिन्यांनी सात बेटांचा तो नकाशा पुन्हा फिरायला लागतो आणि खाली कुणीतरी लिहितं, "बघा, आपली मुंबई लग्नात आंदण गेली."

यातलं अर्धं खरं आहे. लग्न झालं होतं, हुंडाही ठरला होता आणि त्यात मुंबईचं नावही होतं. पण आज आपण ज्या शहराला मुंबई म्हणतो, त्याचा मोठा भाग त्या हुंड्यात नव्हताच. वांद्रे नव्हतं, अंधेरी नव्हती, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली नव्हती. मालाड-गोरेगावच्या पूर्वेला जंगलाच्या कडेला असलेली आपली दिंडोशीही नव्हती.

मग नक्की काय दिलं होतं? ते घेणारा राजा कोण होता? आणि मिळालेलं बेट त्यानं वर्षाला अवघ्या १० पौंडांवर का देऊन टाकलं? सविस्तर पाहू.

वडिलांचा शिरच्छेद, मुलगा परागंदा

दुसऱ्या चार्ल्सचा जन्म २९ मे १६३० रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात झाला. मराठी वाचकाला हे साल लगेच ओळखीचं वाटेल. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता. म्हणजे हे दोघे अगदी समवयस्क.

चार्ल्सचे वडील पहिला चार्ल्स, आई फ्रान्सची राजकन्या हेन्रिएटा मारिया. राजाला देवाकडून अधिकार मिळालेला असतो, संसदेनं त्यात लुडबूड करू नये, असं पहिल्या चार्ल्सचं मत. संसदेचं म्हणणं उलटं. कर कोण लावणार आणि धर्माचं काय करायचं यावरून वाद इतका वाढला की १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. तेव्हा धाकटा चार्ल्स १२ वर्षांचा होता आणि एजहिलच्या लढाईत तो वडिलांबरोबर रणांगणावर होता.

युद्धात राजा हरला. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये व्हाइटहॉलसमोर भर गर्दीत पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. इंग्लंडमधली राजेशाहीच रद्द झाली आणि पुढे ऑलिव्हर क्रॉमवेलच्या हातात सत्ता गेली.

मुलगा तेव्हा परदेशात होता. स्कॉटलंडनं त्याला राजा मानलं. १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन इथं त्याचा राज्याभिषेकही झाला. सैन्य घेऊन तो इंग्लंडमध्ये उतरला, पण ३ सप्टेंबर १६५१ रोजी वूस्टरच्या लढाईत क्रॉमवेलनं त्याचा पार धुव्वा उडवला.

त्यानंतरचे सहा आठवडे एखाद्या सिनेमात शोभतील असे आहेत. त्याच्या डोक्यावर १००० पौंडांचं इनाम लागलं होतं. सहा फुटांहून उंच असलेल्या या तरुणानं केस कापले, शेतकऱ्याचे कपडे चढवले आणि बॉस्कोबेल इथं एका ओकच्या झाडावर दडून अख्खा दिवस काढला. खालून सैनिक त्याला शोधत फिरत होते. साध्या माणसांनी त्याला लपवलं, जेवू घातलं, वाट दाखवली. शेवटी एका छोट्या जहाजातून तो फ्रान्सला निसटला. पुढची नऊ वर्षं त्यानं युरोपात दुसऱ्यांच्या दारात, उधारीवर काढली.

ही उधारीची वर्षं लक्षात ठेवायला हवीत. पैशांची चणचण आणि "पुन्हा परागंदा व्हायचं नाही" ही भीती, या दोन गोष्टींनी त्याचं पुढचं सगळं राज्य घडवलं. मुंबईची गोष्टही त्यातूनच येते.

तिसाव्या वाढदिवशी राजधानीत

१६५८ मध्ये क्रॉमवेल वारला. त्याच्या मुलाला कारभार झेपला नाही. लोकही कडक शिस्तीला कंटाळले होते. जनरल जॉर्ज मंक यानं सैन्य घेऊन लंडन गाठलं आणि राजाला परत आणायचा मार्ग मोकळा झाला. चार्ल्सनं ब्रेडा इथून जाहीरनामा काढून बहुतेकांना माफी द्यायचं कबूल केलं.

२९ मे १६६० रोजी, म्हणजे बरोबर तिसाव्या वाढदिवशी, त्यानं लंडनमध्ये प्रवेश केला. २३ एप्रिल १६६१ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा राज्याभिषेक झाला. वडिलांच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या काही जणांना मात्र माफी मिळाली नाही. मेलेल्या क्रॉमवेलचा देह उकरून काढून फासावर लटकवण्यात आला.

राजा परत आला होता, पण तिजोरी रिकामी होती. पैशांसाठी संसदेकडे हात पसरायचे की दुसरी काही सोय करायची? सोय समोर आली ती लग्नाच्या रूपानं.

लग्न की करार?

पोर्तुगालनं १६४० मध्ये स्पेनचं जोखड झुगारलं होतं, पण युद्ध अजून संपलं नव्हतं. त्यातच आशियात डच एकेक करून पोर्तुगीजांची ठाणी गिळत होते. पोर्तुगालला एका दमदार मित्राची गरज होती आणि इंग्लंडच्या राजाला पैशांची. २३ जून १६६१ रोजी करार झाला. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा आणि चार्ल्स यांचं लग्न ठरलं.

कॅथरीनबरोबर काय येणार होतं?

- २० लाख पोर्तुगीज क्रुझादो, म्हणजे तेव्हाचे साधारण ३ लाख पौंड
- आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं टँजियर हे बंदर
- ब्राझील आणि पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखात व्यापाराच्या सवलती
- मुंबईचं बंदर आणि बेट

बदल्यात इंग्लंडनं पोर्तुगालला सैन्य आणि आरमाराची मदत द्यायची होती आणि ती दिलीही. त्यामुळे "हुंडा" हा शब्द बरोबर असला तरी व्यवहार एकतर्फी नव्हता. तो दोन राज्यांमधला संरक्षणाचा करार होता, त्यावर लग्नाची मोहोर उमटली होती. २१ मे १६६२ रोजी पोर्ट्समथ इथं लग्न लागलं.

मुंबई कुठं आहे, केवढी आहे, याची लंडनच्या दरबारात फारशी कुणाला कल्पना नव्हती. राजाचा मुख्य मंत्री क्लॅरेंडन याला तर ती ब्राझीलच्या जवळ आहे असं वाटत होतं, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. आणि इथल्या कोळी, भंडारी, आगरी, कुणबी, पाठारे प्रभू यांना कुणी काही विचारलं होतं का? अर्थातच नाही. त्यांचा मुलूख त्यांच्या नकळत एका राजाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत गेला.

"मुंबई" म्हणजे नक्की कुठपर्यंत?

खरा घोळ इथं सुरू झाला.

सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजांची जहाजं मुंबईला पोचली. सर अब्राहम शिपमन हा नेमलेला अधिकारी आणि बरोबर सुमारे ४०० सैनिक. इंग्रजांचं म्हणणं होतं की मुंबईबरोबर साष्टी बेटही आमचं. पोर्तुगीज म्हणाले, करारात "मुंबईचं बंदर आणि बेट" असं लिहिलंय, साष्टीचा त्यात काय संबंध?

साष्टी म्हणजे वांद्र्यापासून वर ठाणे, भाईंदरपर्यंत पसरलेलं मोठं बेट. ६६ गावांचं म्हणून "षट्षष्टी", त्याचं झालं साष्टी आणि पोर्तुगीज तोंडात ते झालं साल्सेत. दिंडोशी, मालाड, गोरेगाव, मरोळ, कान्हेरीची लेणी हे सगळं या साष्टीवर. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहानं वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हापासून साष्टीही त्यांच्याकडे होती. भातशेती, ताडमाड, लाकूडफाटा आणि गावांचा सारा या बेटावरून मिळत असे. साष्टी सोडणं म्हणजे वसईचं अर्धं पोट कापून देणं होतं.

गोव्यातला पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो याला तर मुंबई द्यायचीही इच्छा नव्हती. इंग्रज ज्या दिवशी मुंबईत पाय रोवतील, त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेलाच म्हणून समजा, अशा अर्थाचं त्यानं आपल्या राजाला कळवलं होतं. हा अंदाज किती अचूक होता हे पुढच्या दीडशे वर्षांत दिसलं.

कागदपत्रांत खोट काढून पोर्तुगीजांनी इंग्रजांना परत पाठवलं. शिपमन आपली माणसं घेऊन कारवारजवळच्या अंजदीव या छोट्या बेटावर उतरला. तिथं पाऊस, ताप आणि उपासमार यांनी सैनिक एकामागून एक मेले. एप्रिल १६६४ मध्ये खुद्द शिपमनही गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली होती आणि कंपनीचे व्यापारी तिथल्या वखारीत जीव मुठीत धरून बसले होते. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांची ताकद तेव्हा एवढीच होती.

उरलेल्या शंभरेक माणसांना घेऊन शिपमनचा सचिव हंफ्री कुक यानं पोर्तुगीजांच्या अटी मान्य केल्या. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईचा ताबा इंग्रजांकडे आला. करार होऊन साडेतीन वर्षं उलटली होती आणि हातात आलं ते फक्त मुंबई बेट. "सातही बेटं हुंड्यात आली" हेही त्यामुळे बरोबर नाही. माहीमसारखे भाग कुकनं नंतर हक्क सांगून ताब्यात घेतले आणि कुलाबा तर पुढे कंपनीच्या काळात आलं.

कुकनं असल्या अटी मान्य केल्या म्हणून चार्ल्स संतापला. पण माहीमच्या खाडीपलीकडं साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे वांद्र्याला पोर्तुगालचा राजा, माहीमला इंग्लंडचा!

१० पौंडांचा सौदा

मुंबई हातात आली, पण चार्ल्सला ती पांढरा हत्ती वाटू लागली. सैनिकांचा पगार, किल्ल्याची डागडुजी, हजारो मैलांवरून पाठवायची माणसं आणि दलदलीच्या तापानं त्यांचं मरणं. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त.

लंडनमध्येही दिवस वाईट होते. १६६५ मध्ये प्लेगनं शहरात थैमान घातलं. नोंदीतलेच मृत्यू ६८ हजारांच्या वर गेले. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत १३ हजारांहून जास्त घरं आणि ८७ चर्च जळाली. आग विझवायला राजा आणि त्याचा भाऊ स्वतः उभे राहिले, याचं लोकांनी कौतुक केलं. पण १६६७ मध्ये डचांनी मेडवे नदीत घुसून इंग्रजांची जहाजं जाळली आणि "रॉयल चार्ल्स" हे राजाच्याच नावाचं जहाज ओढून नेलं. अब्रूही गेली आणि पैसाही.

अशा वेळी ईस्ट इंडिया कंपनी मुंबई घ्यायला तयार झाली. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं चार्ल्सनं बेट कंपनीला दिलं. भाडं होतं वर्षाला १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायचे. कंपनीनं राजाला ६ टक्के व्याजानं ५० हजार पौंडांचं कर्जही दिलं. राजाला खरी गरज होती ती या कर्जाची. १० पौंड हे नाममात्र भाडं होतं, जमीन शेवटी राजाचीच आहे हे कागदावर राहावं म्हणून.

या सनदेत आणखी एक गंमत आहे. इंग्लंडच्या जमीन कायद्यात बसवण्यासाठी मुंबई बेट हे लंडनजवळच्या "ईस्ट ग्रीनिच" जहागिरीचा भाग असल्यासारखं धरलं गेलं!

सप्टेंबर १६६८ मध्ये कंपनीनं ताबा घेतला. सुरतेचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन मुंबईचा कंपनीचा पहिला गव्हर्नर झाला. त्याच्यानंतरच्या जेराल्ड ऑन्जियरनं न्यायालय उभारलं, टांकसाळ काढली, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना इथं वसायला बोलावलं. १६८७ मध्ये कंपनीचं पश्चिम भारतातलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला आलं.

रायगडावर आलेला वकील कुणाचा?

६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा रायगडावर हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील हजर होता. तो चार्ल्स राजाचा दूत होता असं अनेकदा लिहिलं जातं. प्रत्यक्षात तो मुंबईतून आलेला कंपनीचा माणूस होता. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराची परवानगी हे त्याचं काम होतं.

पुढे १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचं खांदेरी बेट घेऊन तिथं तटबंदी सुरू केली. कंपनीच्या जहाजांनी अडवायचा प्रयत्न केला, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. मुंबईचं बंदर हातात असलं तरी भोवतीचा समुद्र इंग्रजांचा नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

राजा म्हणून कसा होता?

चार्ल्सला इंग्लंडमध्ये "मजेखोर राजा" म्हणून ओळखतात. क्रॉमवेलच्या काळात बंद पडलेली नाटकं त्यानं पुन्हा सुरू केली आणि इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर पहिल्यांदाच स्त्रिया उभ्या राहिल्या. नेल ग्विन ही त्यातलीच एक नटी, राजाची लाडकी. राजाच्या इतर स्त्रियांपासून झालेल्या, त्यानं कबूल केलेल्या मुलांची संख्या डझनाच्या वर जाते. कॅथरीनला मात्र मूल झालं नाही. तिला घटस्फोट द्या असा सल्ला अनेकांनी दिला, पण तो त्यानं मानला नाही.

विज्ञानाची त्याला आवड होती. रॉयल सोसायटीला त्यानं १६६२ मध्ये सनद दिली, १६७५ मध्ये ग्रीनिचची वेधशाळा स्थापन केली.

पण याच राजानं १६७० मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी गुप्त करार करून पैसे घेतले आणि आपण कॅथलिक होऊ असं वचन दिलं. आफ्रिकेतून गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीला त्यानं सनद दिली आणि तिचा प्रमुख होता राजाचा सख्खा भाऊ जेम्स. मजेखोर राजाच्या कारकिर्दीची ही काळी बाजू आहे.

शेवटची वर्षं वारसाच्या भांडणात गेली. जेम्स उघड कॅथलिक होता. त्याला गादी मिळू नये म्हणून संसदेत १६७९ ते १६८१ मोठा संघर्ष झाला. याच काळात, १६७९ मध्ये, हेबियस कॉर्पसचा कायदा झाला. पकडलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे हजर करा आणि का पकडलं ते सांगा, हे त्याचं सार. भारतात आज सर्वोच्च न्यायालयात कलम ३२ आणि उच्च न्यायालयात कलम २२६ खाली हेबियस कॉर्पसची याचिका करता येते, ती याच परंपरेतली.

१६८१ नंतर चार्ल्सनं संसद बोलावलीच नाही. ६ फेब्रुवारी १६८५ रोजी तो वारला. मरणाच्या दारात त्यानं कॅथलिक पंथ स्वीकारला. जेम्स गादीवर आला, पण तीन वर्षांतच त्याला पळून जावं लागलं. कॅथरीन पुढे पोर्तुगालला परतली आणि १७०५ मध्ये तिथंच वारली. इंग्रजांच्या दरबारात चहाची आवड रुजवण्याचं श्रेय तिला दिलं जातं.

हुंड्यातल्या दुसऱ्या ठिकाणाचं काय झालं? टँजियर सांभाळणं परवडेना म्हणून इंग्रजांनी १६८४ मध्ये तिथलं बांधकाम स्वतःच उद्ध्वस्त करून ते सोडून दिलं. मुंबई कंपनीला दिली नसती तर तिचंही तेच झालं असतं का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

मग दिंडोशी मुंबईत कधी आली?

लग्नातून नाही, युद्धातून आली.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि साष्टीत पाय रोवले. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. पुढची साधारण ३५ वर्षं साष्टीवर मराठ्यांचा अंमल होता.

पेशव्यांच्या घरात वारसाचा तंटा पेटलेला असताना, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. साष्टी हातची गेली. मराठे आणि इंग्रज यांच्या पहिल्या युद्धाला इथूनच तोंड फुटलं. १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी कायमची इंग्रजांकडे राहिली. चार्ल्सच्या माणसांनी १६६२ मध्ये जे मागितलं होतं, ते मिळवायला इंग्रजांना ११२ वर्षं आणि एक लढाई लागली.

तरीही साष्टी म्हणजे मुंबई नव्हती. मधे खाडी होती. १८०३ मध्ये शीवचा आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध झाला, मग रेल्वे आली आणि दोन्ही जोडली गेली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये पहिल्यांदा उपनगरांत सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. मालाड, गोरेगाव आणि त्यांच्याबरोबर दिंडोशी बृहन्मुंबईत आली ती तेव्हा, कुकनं मुंबईचा ताबा घेतल्यानंतर २९२ वर्षांनी. आजही शहर आणि उपनगर असे दोन वेगळे जिल्हे आहेत.

त्यामुळे पुढच्या वेळी "मुंबई हुंड्यात गेली" असा फॉरवर्ड आला, तर एवढं नक्की सांगता येईल : हुंड्यात गेलं ते दक्षिणेचं एक बेट. माहीमच्या खाडीच्या अलीकडची, म्हणजे दिंडोशीच्या बाजूची मुंबई कुणाच्याही लग्नात दिली गेली नव्हती.